मोडणे, तुटणे, फुटणे

वस्तूंच्या शेवटाबद्दल मराठी माणूस मोठा काटेकोर आहे. काच फुटते, काठी मोडते, दोरा तुटतो, कापड फाटते, शिवण उसवते, भिंत तडकते, बांबू पिचतो, सांधा निखळतो आणि उंबरठा झिजतो. परप्रांतातून आलेला एखादा विद्यार्थी वर्गात ‘काठी फुटली’ म्हणतो, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकते. का हसलात म्हणून विचारावे, तर ‘तसं म्हणत नाहीत, मॅडम’ एवढेच उत्तर मिळते. इतकी वर्षे मराठी शिकवून मी माझ्यापुरते एक उत्तर काढले आहे. वस्तू आतून कशी धरलेली होती, ते आपली क्रियापदे सांगतात. काचेत तंतू नाहीत, म्हणून ती फुटते आणि तिचे तुकडे चहूकडे उडतात. काठीत तंतू आहेत, म्हणून ती मोडते; मोडल्यावरही तिचे दोन तुकडे सालीला धरून लोंबत राहतात. दोरा म्हणजे नुसता तंतूच, तेव्हा त्याला तुटण्यावाचून गत्यंतर नाही.

या चोख व्यवस्थेत घोटाळा केला तो प्लॅस्टिकने. आपण काय म्हणतो पाहा. बादली फुटते, खुर्ची मोडते, दोरी तुटते, पिशवी फाटते आणि डब्याचे झाकण तडकते. आता गंमत अशी, की या पाचही वस्तू एकाच पदार्थाच्या असू शकतात. पॉलिप्रॉपिलीन हे त्याचे नाव. काच, लाकूड, सूत, कापड ही सगळी सोंगे एकाच बहुरूप्याने आणावीत आणि प्रत्येक सोंगाला आपण वेगळे क्रियापद बहाल करावे, असा हा प्रकार आहे.

आमच्या स्वयंपाकघराने तर मोडण्याचे शास्त्रच केले आहे. दिवाळीत कोणत्याही घरी जा. शंकरपाळा खुसखुशीत आहे की नाही, चकली कुरकुरीत आहे की नाही, चिक्की कडक झाली का, पापड सादळून वातड तर नाही ना, याचा निवाडा पहिल्या घासालाच लागतो. इंजिनिअर लोक यंत्रात पट्टी धरून ती ओढतात, वाकवतात, तिच्यावर घाव घालतात आणि आकडे टिपून ठेवतात. ते काम आपल्या आज्या दाताखाली करीत आल्या. त्यांत तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. वाकायला सहज तयार नसते ती वस्तू ताठ. पुष्कळ ओझे सोसते ती बळकट. आणि घाव बसला, वाकली, ताणली, तरी लवकर हार मानत नाही ती चिवट. चिक्की ताठ आहे, पण चिवट नाही. वातड पापड चिवट आहे, पण ताठ नाही. तिन्ही गुण एका अंगी येणे माणसांतही दुर्मीळ आणि पदार्थांतही.

हे सगळे मी एरवी भाषेच्या तासापुरतेच ठेवले असते. पण २०२२ च्या मे महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक खुर्ची मोडली आणि तिच्याबरोबर सासूबाईंचे खुब्याचे हाड.

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. मुंबईतल्या दोन खोल्यांचे इथे तीन खोल्यांत रूपांतर करून घेणाऱ्या हजारो कुटुंबांतले आमचे एक. सासूबाईंचे आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेले. चाळीचा सज्जा सुटल्याचे दुःख त्यांनी इथे गच्चीवर भरून काढले. समोर जीवदानीचा डोंगर, अवतीभवती काळ्या पाण्याच्या टाक्या, आणि मध्ये पापड-कुरडया राखीत बसलेल्या सासूबाई, हे आमच्या उन्हाळ्याचे ठरलेले चित्र. बसायला तिथे एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची असे. ती कोणी आणून ठेवली होती, हे इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हते. तिने आठ उन्हाळे आणि आठ पावसाळे पाहिले होते, एवढे मात्र नक्की. त्या दिवशी सासूबाई रोजच्यासारख्या बसल्या आणि खुर्चीचा मागचा पाय काड्कन गेला. सत्तरी ओलांडलेले हाड. त्याला तेवढे निमित्त पुरले.

माझ्या धाकट्या भावाचा वसई पूर्वेला एक गाळा आहे. तिथे तो दोन यंत्रांवर प्लॅस्टिकच्या वस्तू काढतो. बातमी कळताच तो आला आणि इस्पितळातून परतताना गच्चीवर जाऊन खुर्चीचा मोडका पाय घेऊन खाली उतरला. त्याने पायावरून नख ओढले. नखात पांढरे पीठ जमले.

“ताई, ही खुर्ची आज नाही मोडली,” तो म्हणाला. “उन्हाने हिला केव्हाच खाल्लीय. सासूबाईंचं नुसतं निमित्त झालं.”

तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी आम्हांला नव्या सांध्याचा नमुना दाखवला. धातूचा दांडा, त्यावर गुळगुळीत गोळा, आणि त्या गोळ्याला फिरायला हस्तिदंतासारखी पांढरी वाटी. सासूबाईंनी वाटी हातात घेऊन न्याहाळली.

“हे प्लॅस्टिकच ना गं?”

“हो, आई.”

“म्हणजे खुर्चीच्याच जातीचं!”

डॉक्टर हसले. “आजी, लांबचं भावंड आहे असं समजा. पण काळजी करू नका, याला किरण देऊन पक्कं केलेलं असतं.”

“किरणांनीच तर खुर्ची खाल्ली म्हणतात!” सासूबाई म्हणाल्या. “मग तेच किरण हिला पक्कं कसं करतील?”

डॉक्टरांना पुढचा रुग्ण होता. प्रश्न माझ्या पदरात पडला. सासूबाईंना वॉकर धरून चालता येईपर्यंत जे काही आठवडे गेले, त्यांत मी भावाच्या गाळ्यात बसून, त्याची पुस्तके चाळून आणि आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचे डोके खाऊन त्याचे उत्तर गोळा केले. ते उत्तर इतके सुरस निघाले की दिवाळी अंकाच्या वाचकांना ते वाढल्यावाचून राहवत नाही.

प्लॅस्टिक म्हणजे लांबलचक रेणू. एकच लहानसा घटक वारंवार जोडत गेल्याने झालेले, म्हणून मराठीत त्यांना ‘बहुवारिके’ असे नाव आहे. रेणू एवढे लांब असू शकतात, हे १९२० साली जर्मनीच्या हेर्मान स्टाउडिंगरने मांडले, तेव्हा बड्याबड्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. पुढे १९५३ साली त्याला याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. सासूबाईंच्या वाटीचे पॉलिथीन तर फारच लांब रेणूंचे. एकेका साखळीत दोन-अडीच लाख कार्बन अणू एकापुढे एक ओवलेले. अशी साखळी एक मिलिमीटर जाडीच्या शेवईएवढी फुगवली, तर तिची लांबी सुमारे साठ मीटर भरेल; वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडली तर खाली जमिनीला टेकेल. अशा अब्जावधी शेवयांचा गुंता म्हणजे प्लॅस्टिक.

हा गुंता वितळलेला असतो तेव्हा शेवया सैरभैर वळवळत असतात. गार होऊ लागला की त्या शिस्तीला लागतात. घडी घातलेल्या साडीसारख्या मागेपुढे दुमडून एकमेकींशेजारी बसतात. या घड्या म्हणजे स्फटिक. पण सगळ्याच शेवयांना घडीत जागा मिळत नाही. काही बाहेर लोंबत राहतात, काहींचे एक टोक या घडीत तर दुसरे त्या घडीत. घड्यांमुळे पदार्थाला ताठपणा येतो आणि घड्यांमधल्या सैल धाग्यांमुळे चिवटपणा.

किती घड्या पडाव्यात, हे ठरते गार होण्याच्या वेगावर. इथे मला भावाच्या पुस्तकापेक्षा आमची लोणकढी कढई जास्त उपयोगी पडली. तूप कढवून ओट्यावर झाकून ठेवले, सावकाश निवू दिले, की ते रवाळ होते; रवा चांगला टपोरा धरतो. तेच तूप घाईने थंड पाण्यात धरले किंवा फ्रीजमध्ये ढकलले, की रवा बारीक राहतो आणि तूप लोण्यासारखे सपाट थिजते. तूप तेच, कढ तोच. फरक फक्त निवण्याचा. पॉलिप्रॉपिलीनचेही असेच. ते सुमारे १६५ अंशांना वितळते. सावकाश निवले तर त्यात मोठमोठे गोल रवे धरतात. विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ते रांगोळीतल्या फुलांसारखे दिसतात. झटकन निववले तर रवे बारीक राहतात, घड्या कमी पडतात.

आता सुगरणीला रवाळ तूप आवडते, म्हणून कारखानदारालाही मोठा रवा आवडावा, असे नाही. मोठ्या रव्याचे प्लॅस्टिक ताठ होते, ओझेही अधिक पेलते. पण दोन रव्यांच्या सीमेवर ते कच्चे राहते, आणि घाव बसला की भेग त्या सीमेवरून पळते. बारीक रव्याचे प्लॅस्टिक थोडे नरम, पण चिवट. बिस्किटांच्या पुड्यावरचा काचेसारखा स्वच्छ कागद आणि खुर्चीचा दुधट पाय हे दोन्ही पॉलिप्रॉपिलीनचे असू शकतात. कागद थंडगार रुळावर क्षणात निवलेला असतो. पाय जाड म्हणून आतून सावकाश निवतो. भर म्हणजे जाड वस्तूची कातडी आधी थिजते आणि गाभा मागाहून आकसतो, त्यामुळे तिच्या अंगात एक ओढ कायमची राहून जाते. वरून काही दिसत नाही.

गाळ्यात हा निवण्याचा वेळ म्हणजेच पैसा. यंत्रात वरून दाणा पडतो, वितळतो, साच्यात दाबला जातो. हे काम काही सेकंदांचे. मग साच्यातून पाणी फिरत राहते आणि सगळे वस्तू निवण्याची वाट पाहतात. एका फेरीतला निम्म्याहून अधिक वेळ असा वाट पाहण्यात जातो. त्यातले चार सेकंद वाचवले की दिवसाकाठी शेकड्यांनी माल जास्त निघतो. “लोक म्हणतात प्लॅस्टिक ओतायचा धंदा,” भाऊ म्हणतो, “खरं तर हा प्लॅस्टिक निववायचा धंदा आहे.”

निवणे झाले. आता किरण.

उन्हातला जो जंबूपार किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्यात कार्बनची साखळी तोडण्याइतके बळ असते. त्याहून कितीतरी बळाचे गॅमा किरण. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणाच्या एका कणात उन्हातल्या जंबूपार कणाच्या सुमारे तीन लाख पट ऊर्जा असते. ऊन प्लॅस्टिकच्या वरच्या पातळ थरातच आपले काम करते. गॅमा किरण खोकीच्या खोकी आरपार भेदून जातात. पण दोघांचे काम एकच: शेवई तोडायची, किंवा तिच्या अंगावरचा एखादा अणू उडवून द्यायचा. मागे उरते एक उघडे टोक, कोणाशी तरी जोडून घ्यायला आतुर झालेले.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे दडले आहे. किरणाचे काम तोडण्यापाशी संपते. पुढचे सगळे त्या उघड्या टोकाला कोण भेटते यावर अवलंबून. शेजारच्या शेवईचे उघडे टोक भेटले, तर दोघांची गाठ पडते. अशा गाठी वाढत गेल्या की सुट्या शेवयांचे एक जाळे होते. ते सहजी झिजत नाही आणि तापवले तरी वितळून वाहत नाही. हे पॉलिथीनच्या बाबतीत घडते, असे इंग्लंडमध्ये हार्वेल येथे आर्थर चार्ल्सबी या शास्त्रज्ञाने १९५२ साली अणुभट्टीत पॉलिथीन ठेवून दाखवले. आज विजेच्या केबलींचे वेष्टन अशा गाठी घालून टणक करतात. आपल्याकडे वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉन-झोताच्या यंत्रावरही हे काम झाले आहे. पण उघड्या टोकाला जर हवेतला प्राणवायू भेटला, तर गोष्ट बिघडते. प्राणवायू टोकाला चिकटतो, साखळी आणखी तुटते, त्यातून नवी टोके, पुन्हा प्राणवायू, असे लचांड मागे लागते. शेवया आखूड होत जातात, आणि आखूड शेवयांचा गुंता तो काय टिकणार? त्याचे पीठच होते. पॉलिप्रॉपिलीनची जात या रोगाला विशेष बळी पडणारी. गच्चीवरच्या खुर्चीला ऊनही मिळाले आणि वाराही. आठ वर्षांत तिच्या कातडीचे पीठ झाले, पिठातून बारीक भेगा पडल्या, आणि आत निवतानाची जुनी ओढ वाट पाहतच होती.

शेजारच्या काळ्या टाक्या मात्र त्याच उन्हात उभ्या आहेत. त्यांच्या पॉलिथीनमध्ये काजळी कालवलेली असते. काजळी ऊन स्वतःच्या अंगावर घेते आणि आतल्या शेवयांपर्यंत पोचू देत नाही. मुलांना तीट लावण्याची आपली चाल यावरून निघाली नसेल, पण टाकीला लावलेली तीट शास्त्रोक्त आहे खरी.

निवणे आणि किरण यांची गाठ कुठे पडते, हे समजले ते सुईच्या निमित्ताने. माझ्या आईच्या आठवणीत काचेची पिचकारी आणि ती उकळायचे पातेले असे. पुढे एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या आल्या. वैद्यकातल्या प्लॅस्टिकच्या किती तरी वस्तू वाफेच्या तापाने वाकड्या होतात, म्हणून गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची रीत निघाली. भारतात या कामाचे ‘आयसोमेड’ हे केंद्र तुर्भ्याला १९७४ साली सुरू झाले. तिथे औषधी वस्तू खोक्यांत बंद असतानाच कोबाल्टच्या किरणांखालून जातात. नेमस्त मात्रा असते २५ किलोग्रे. हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो. पण तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम सहा अंशांनी तापेल. आंघोळीचे पाणीसुद्धा होणार नाही, आणि जंतू मात्र मरतात. वस्तूही किरणोत्सर्गी होत नाही.

पण पिचकारीची नळी पॉलिप्रॉपिलीनची असली, की एक चमत्कारिक दुखणे उद्भवू शकते. किरण दिल्यादिवशी ती ठणठणीत असते. चार-सहा महिन्यांनी, कपाटात कोणी हात न लावता, ती ठिसूळ होते. माझ्या भावाला हे एकदा भोगावे लागले. औषधी वस्तूंची झाकणे करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. झकपक दिसावीत आणि ताठ बसावीत म्हणून त्याच्या मिस्त्रीने साच्यातले पाणी कोमट ठेवले होते. झाकणे देखणी निघाली, किरणांतूनही सुखरूप पार पडली. आणि चार महिन्यांनी गिऱ्हाइकाने तडकलेल्या झाकणांची पिशवी त्याच्या टेबलावर आणून ओतली. दोन महिन्यांची कमाई त्या पिशवीत होती.

कारण असे. घडीच्या आत, स्फटिकात, शेवई तुटली तर तिच्या उघड्या टोकाला हलता येत नाही. गर्दीच्या विरार लोकलमध्ये दाराशी पोचू न शकणाऱ्या माणसासारखे ते जागच्या जागी अडकते. शेजारचे टोक भेटत नाही, गाठ पडत नाही. मग ते महिनोन् महिने सावकाश सरकत घडीच्या कडेला येते, आणि तिथे प्राणवायू त्याची वाट पाहत असतो. सावकाश निववलेल्या वस्तूत घड्या जास्त, म्हणून अडकलेली टोके जास्त, म्हणून मागाहून होणारा नाशही जास्त. झटकन निववलेल्या वस्तूत सैल जागा अधिक. टोके एकमेकांना लवकर गाठतात आणि प्रकरण तिथेच मिटते. भावाने किरण सोसणारा खास दाणा आणला, साच्यात गार पाणी खेळवले, झाकणाची चकाकी थोडी गेली, आणि तडकणे थांबले. जन्माच्या वेळी अर्ध्या मिनिटात जे घडले, त्याचा जाब किरणांनी चार महिन्यांनी विचारला.

आता वाटी. खुब्याच्या सांध्यासाठी इंग्लंडचे शल्यविशारद जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरून पाहिले. ते भराभर झिजले. १९६२ साली त्यांनी लांब रेणूंच्या पॉलिथीनची वाटी बसवली, आणि हा सांधा जगभर गेला. तीही झिजे, वर्षाला सुमारे एक दशांश मिलिमीटर. आकडा किरकोळ, पण झिजलेला चुरा भोवतालच्या हाडाला मानवत नसे आणि हाड विरघळू लागे. त्यात आणखी एक गोम होती. वाट्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करून, हवा असलेल्या पाकिटांत ठेवीत. पाकिटे वर्षानुवर्षे कपाटात राहत, आणि घड्यांत अडकलेली टोके प्राणवायूला भेटत राहत. म्हणजे माझ्या भावाच्या झाकणांचे दुखणे माणसाच्या खुब्यातही होतेच!

नव्वदच्या दशकात हे नीट ध्यानात आले आणि उपाय निघाला तो मोठा बुद्धीचा. किरण कमी करण्याऐवजी ते वाढवले. ५० ते १०० किलोग्रे, म्हणजे निर्जंतुक करण्याच्या दोन ते चार पट. त्याने गाठी भरपूर पडल्या. मग ते पॉलिथीन पुन्हा वितळण्याच्या पलीकडे तापवले. घड्या उलगडल्या, आत कोंडलेली टोके सुटी झाली, एकमेकांना भेटली, मिटली. त्यानंतर ते पुन्हा निववले आणि मग त्यातून वाटी कोरली. प्राणवायूला भेटायला जवळपास कोणी उरलेच नाही. अशा वाट्या फारच कमी झिजतात, आणि त्या बसवलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्याची पाळी कमी येते, हे ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी ठेवलेल्या सांध्यांच्या नोंदींतून दिसून आले आहे.

फुकट मात्र काही मिळत नाही. पुन्हा निवताना आधीच्याइतक्या घड्या पडत नाहीत, कारण गाठी आड येतात. म्हणून झिजेला भारी ठरलेली ही वाटी घाव सोसायला किंचित कमी पडते. काही कारखानदार पूर्ण वितळवत नाहीत, थोडे अलीकडेच थांबतात. घड्या शाबूत राहतात, पण थोडी टोकेही राहतात. काही जण पॉलिथीनमध्ये ई जीवनसत्त्व मुरवतात. ते उघड्या टोकांना शांत करते. ताठ, बळकट, चिवट या तिघांची समजूत एकाच वेळी घालणे कुणालाच साधलेले नाही. जो तो आपापला तोल शोधतो आहे.

हे सगळे मी सासूबाईंना एका दुपारी सांगितले. लोकल, शेवया आणि तूप यांच्या मदतीने. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हणजे तुटणं दोघांच्याही नशिबी होतं,” त्या म्हणाल्या. “खुर्चीला वारा भेटला, वाटीला शेजार भेटला.”

चाळीत पन्नास वर्षे काढलेल्या बाईला शेजाराचे महत्त्व रसायनशास्त्राने वेगळे शिकवायला नको होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉकर घेऊन पहिल्यांदा दाराबाहेर पाऊल टाकले, ते शेजारच्या वहिनींकडे.

मला यातून एक भाषेची खंत मात्र उरली. लोखंड खराब होते तेव्हा आपण ‘गंजले’ म्हणतो. लाकूड कुजते, दूध नासते, रंग विटतो, लोणचे बुरसते. हे शब्द होते म्हणून आपल्या आज्या-पणज्या वस्तूकडे वेळेवर पाहायला शिकल्या. गंज दिसला की खिळा बदलायचा, हे लहान मुलालाही कळते. प्लॅस्टिकच्या शेवटाला मोडणे, तुटणे, फुटणे अशी पाच क्रियापदे आपण उसनी दिली. पण त्या आधी वर्षानुवर्षे उन्हात जे घडत असते, त्याला एकही शब्द दिला नाही. शब्द नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. प्लॅस्टिक सडत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि ते अमर आहे असे समजून गच्चीवर ठेवून देतो. ते सडत नाही हे खरे. पण दोरी केसाळते, बादलीचा कान पांढरा पडतो, खुर्चीला नखाने ओढले की पीठ निघते. ही सारी त्याच्या म्हातारपणाची लक्षणे. दिवाळीची झाडलोट करताना वाचकांनी आपल्या गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या खुर्च्यांवरून एकदा नख ओढून पाहावे, एवढी माझी विनंती आहे. पीठ निघाले तर त्या खुर्चीवर कुंडी ठेवावी. माणूस बसवू नये.

शब्दाची अडचण आमच्या इमारतीपुरती सासूबाईंनी सोडवली आहे. त्या अशा खुर्चीला ‘पिठाळलेली’ म्हणतात. कोशात हा अर्थ नाही. पण यंदा सेक्रेटरींनी दिवाळीच्या सफाईची सूचना लावली, तिच्यात तिसरे कलम आहे: ‘पिठाळलेल्या खुर्च्या गच्चीवर ठेवू नयेत.’ कोणीही त्याचा अर्थ विचारायला आले नाही.